तात्यांचा गळका रेडिएटर

तात्या जीप नाकाने चालवत. राखोलीच्या कारखान्यांचा धूर खिडकीतून आत शिरलेला असतानाही तापलेल्या पाण्याचा वास त्यांना आमच्या आधी, आणि बहुधा तापमानाच्या काट्याच्याही आधी कळे. मग गाडी कडेला घेऊन ते म्हणत, “बाई, जरा पाय मोकळे करा. हिला तहान लागली.”

सिल्वासाहून खेरडीच्या शाळेत आम्हां शिक्षिकांना नेणारी ती जुनी जीप भाड्याची होती. मालक एक गुजराती शेठ, आणि तात्या हे त्यांचे धुळ्याकडून आलेले चालक. रेडिएटर गळका होता, आणि त्याचे गळणे तात्यांनी जणू स्वतःच्या अंगावर घेतले होते.

बॉनेट उघडून ते आधी नुसते उभे राहत. वाफ निवल्याशिवाय टोपणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मग गळणारी नळी पकडीने चिमटून तिच्यावर कपड्यांचा साबण मळून दाबायचा. फाटलेल्या पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. गळती बारीक असेल तर पाण्यात हळद सोडायची. एकदा आमच्यातली एक म्हणाली, “तात्या, आता फोडणीही द्या.” “मोहरी तुमच्या डब्यातून काढा, लगेच देतो,” मान वर न करता ते उत्तरले.

शेठ मात्र निश्चिंत असत. “तात्या छे ने! ते आहेत ना, मग नवा कशाला?” असे ते हसून म्हणत, आणि तात्यांना त्या कौतुकाने संकोचल्यासारखे होई. एकदा मी धीर करून विचारले, की नवा रेडिएटर मागत का नाही? त्यांनी आवाज खाली आणला. “खर्च दाखवला की शेठ गाडी मोडीत काढतील, बाई. या वयात मला दुसरी गाडी कोन देईन?” त्यामुळे शेठचा फोन आला, की गाडी वाटेत उभी असतानाही ते सांगत, “मस्त चाललीय.”

परीक्षेच्या दिवसांत, एका चढावर जीप पुन्हा तापली. पेपर सुरू व्हायची वेळ जवळ आली होती. आम्ही कोणी घाई केली नाही. पण सगळ्याजणी घड्याळाकडे पाहत होतो आणि तात्या आमच्याकडे. त्या दिवशी ते वाफ निवायला थांबले नाहीत. गोणपाट टाकून त्यांनी टोपण फिरवले आणि उकळते पाणी उसळून त्यांच्या अंगावर आले. मागून येणाऱ्या टेम्पोने आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. जीव वाचला, उजवा हात आखडला, एका डोळ्याची नजर गेली.

जीपवर नवा चालक आला. पहिल्याच दिवशी बॉनेट पाहून त्याने आमच्यासमोर शेठना फोन लावला. “शेठ, नया डालो, नहीं तो चाबी ले लो.” त्याच आठवड्यात नवा रेडिएटर बसला. जीप मोडीत गेली नाही.

तात्या गावी परतणार, असे कळल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भांडी गोणीत भरत होत्या. तात्यांनी पहिल्यांदा जीपचीच चौकशी केली, “वाटेत लई थांबते का आता?” मला खोटे सुचले नाही. जे घडले ते सांगितले.

“शेठ चिडले असतील?”

“नाही. लगेच हो म्हणाले.”

वहिनींनी सुतळी धरायला हाक मारली. ती तात्यांना ऐकू गेली नाही. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “इतकंच होतं का हो, बाई?”