बावीस नंबरचा टी-शर्ट

परवा फार्मसीत कुणीतरी दुखण्यावरचा स्प्रे मारून पाहिला आणि त्या थंड, उग्र वासासरशी कतारमधल्या मुऐदरच्या घरातली जूनमधली एक सकाळ आठवली. लेक अमेरिकेतल्या कॉलेजातून सुट्टीवर आली होती. तिथे ती बास्केटबॉल खेळायची, म्हणून फी माफ होती. तिच्या बावीस नंबरचे टी-शर्ट कॉलेज विकायचं. आम्हीही हौसेने एक मागवला होता. सुट्टीतही रोज धावून कोचला व्हिडिओ पाठवावा लागे. मी रास लफानच्या गॅस प्लँटवरून नाईट शिफ्ट करून आलो, तेव्हा दार उघडताच चष्म्यावर वाफ धरावी इतकी दमट हवा होती, आणि लेक सुजलेल्या गुडघ्यावर स्प्रे मारून बूट चढवत होती. बायको म्हणाली, "अगं, आज तरी राहू दे." मी भडकलोच. "आमच्या प्लँटवर कुणाला नुसतं खरचटलं तरी काम थांबवतात. तुम्हाला कुणी थांबवत नाही?" लेस आवळत ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही स्टाफ आहात. मी स्टुडंट आहे. थांबले तर स्कॉलरशिप खलास." आणि दार ओढून गेली. आता ती जिना चढताना कठडा धरते. टी-शर्टवरचा बावीस मात्र इतक्या धुण्यांनंतरही जराही उडालेला नाही.