माहेरचं राहिलेलं

रत्नागिरीत सांध्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते, तेव्हा शेजारी एक बाई येऊन टेकल्या. हातातला गरम चहा त्या पीत नव्हत्या, ग्लासावर सुजलेली बोटं शेकत होत्या. शेकून झाल्यावर एक घोट घेतला आणि चहावाल्यालाच दटावलं, "काय रे, थंड चहा देतोस?"

त्या नुकत्याच तपासून आल्या होत्या. मी न विचारताच त्यांनी आजार समजावला. "रक्तातले पहारेकरी येडे झालेत. घरच्यांनाच चोर समजून सांध्यांवर धावून जातात. आमचा कुत्रा तसलाच. चोरापुढे शेपूट हलवतो नि गणपतीला मुंबईहून आलेल्या दिराला चावतो!"

"ही खोड आईबापांकडून येऊ शकते म्हणाले ना डॉक्टर, तेही सांग," पलीकडून यजमान बोलले. चेहरा कोर्टात दावा जिंकल्यासारखा. "म्हणजे माहेरची! आमच्याकडे सगळ्यांची बोटं सरळ."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "माहेराहून आणलेली भांडी तुमच्या आईने ठेवून घेतली. पाटल्या तुमच्या बहिणीच्या लग्नात गेल्या. तिथलं हे एवढंच माझ्याकडे राहिलंय. त्याला नावं ठेवायची नाहीत."

यजमान औषधं आणायला उठले.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता?"

वाकड्या बोटांनी मोदकाला कळ्या पाडणारी आई आठवली. "आईला," मी म्हणाले, आणि नवा दागिना दाखवावा तसा हात टेबलावर ठेवला.