चिखलात उतरलेला खासदार

बालाघाटहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात लाखोळीची भाजी निवडत होते. "आत्या, बाबा गेले… झोपेतच," एवढंच तो म्हणाला. त्याला दीड महिना झाला. रडून झालं. आता दादा आठवला की हसूच येतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, केशव. फौजेत सुभेदार होता, पूल बांधणाऱ्या पलटणीत. निवृत्त होऊन खैरलांजीकडच्या आमच्या गावी आला आणि काही वर्षांत लोकांनी त्याला खासदारकीला उभं केलं. त्याचं प्रचाराचं भाषण तीन वाक्यांचं. "रामराम. मी फौजी माणूस. काम सांगा." तेवढ्यावर निवडून आला! पण लोकसभेत ते कसं चालणार? पहिल्यांदा बोलायला उभा राहिला, तर कुणीतरी लिहून दिलेल्या कागदावरचे मानाचे शब्द वाचण्यातच त्याची वेळ संपली. गावी आला तो पडेल चेहऱ्यानं. मी शाळेत शिकवायचे. तो कागद माझ्यापुढे टाकून म्हणाला, "शांते, मले बोलणं शिकव."

रोवणीचे दिवस होते. मी त्याला आमच्या धानाच्या बांधीवर नेलं. चिखलात पंधरा-वीस बाया वाकून रोपं लावत होत्या. म्हटलं, यांना सांग. दादा धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, ताठ उभा राहिला आणि सुरू झाला, "माननीय…" सुकवंताबाईनं मान वर केली. "भाऊ, वरून काहून बोलून राह्यले? खाली या न!"

बाया खो-खो हसल्या. दादानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरला. त्याची रोपं कवायतीसारखी एका रांगेत, पण बाया केव्हाच पुढे निघून गेलेल्या. सुकवंताबाई मात्र त्याच्यासाठी रेंगाळली. हात चालवत म्हणाली, "गेल्या पावसात माह्या सुनेले खाटेवर नेलतं, डांबरी रस्त्यापर्यंत. लेकरू वाटेतच झालं, चिखलात. वाचलं म्हणून हसून सांगून राह्यली, भाऊ."

दादानं रोपांची जुडी धुऱ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळला.

"हे असंच सांगू?"

"हौ. असंच."

पुढच्या अधिवेशनात आम्ही सगळ्या पंचायतीतल्या टीव्हीसमोर बसलो. दादाच्या हातात कागद नव्हता. "मेरे गाँव की सुकवंताबाई पूछती हैं…" एवढं ऐकलं आणि सुकवंताबाई किंचाळली, "अव माय, माहं नाव!" त्या गलक्यात पुढचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही. पण तेवढ्यावर थांबला नाही तो. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि रस्ता झाला.

तरी पुढची निवडणूक तो हरला. जिंकणारच म्हणून वहिनीनं बुंदीचे लाडू वळून ठेवले होते. दादानं डबा मोटरसायकलला बांधला आणि थेट जिंकलेल्या माणसाचं घर गाठलं. वर मलाच म्हणतो, "वाया काहून घालवायचे?" तेरवीला तो माणूस आला होता. चार लोकांत ही गोष्ट त्यानंच सांगितली.

परवा वहिनीकडे राहायला गेले. दादा रोज उठला की पलटणीतल्यासारखी कांबळ्याची चौकोनी घडी घालायचा, कोपऱ्याला कोपरा लावून. वहिनी जन्मभर त्यावरून त्याची टिंगल करत आली. सकाळी पाहते तर ती स्वतःच्या कांबळ्याशी झटतेय. चारदा घडी बिघडली. "शांताबाई, धरा बरं तिकडून," म्हणाली. आम्ही दोघींनी टोकं धरून ताणली, माझ्या हातून एक सुटलं आणि वहिनी धपकन पलंगावर बसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोट धरून हसली… खूप वेळ. मग डोळे पुसले आणि उठली.

"धरा पुन्हा. कोपरे जुळल्याशिवाय चहा नाही."