माझा दुसरा जन्म आणि चारोळीचा केक

आमच्या चर्चच्या मंडळीत, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहिलं की लोकांकडे सांगायला भारी गोष्टी असतात. कुणाची दारू सुटलेली असते, तर कुणी मरणाच्या दारातून परत आलेलं असतं. माझ्याकडे सांगायला आहे एक केक. म्हणून मी साक्ष द्यायची टाळते. आता मुलाकडे ठाण्यात राहते, सत्तरी उलटलीय, तेव्हा लिहूनच टाकते.

हे घडलं तेव्हा आम्ही कल्याणला होतो आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांची, म्हणजे पोरच. पण तेव्हा वाटायचं, आपल्याला शिकायचं काही उरलेलं नाही. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. वीस वर्षं संडे स्कूल चालवलेलं, त्यामुळे सगळी मंडळी मला 'टीचर'च म्हणायची. कृपेने तारण होतं, आपल्या कर्मांनी नाही, हे मी तीन इयत्तांना रंगीत चित्रं लावून शिकवलं होतं. परीक्षाही घेतली होती. नापासही केलं होतं.

त्याच वर्षी मंडळीत एक बाई नवीन आली होती. विधवा, शीळफाट्याच्या पुढे एका चाळीत एकटी राहणारी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. तिने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. प्रार्थना करायची ती शेजारणीशी बोलल्यासारखी, "देवा, आज पाणी लवकर आलं, बरं केलंस." मला ते ऐकून कसंसंच व्हायचं. मी मनात तिचं व्याकरण सुधारत असे.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे एक पद्धत होती. केकचं पीठ घरी भिजवायचं आणि भांडं चर्चजवळच्या बेकरीत द्यायचं. पाव काढून झाले की त्याच भट्टीत बेकरीवाले चाचा आमचे केक भाजून द्यायचे. भांड्यावर आपल्या नावाची चिठ्ठी कणकेने चिकटवायची. ताईला केक येत नव्हता. महिला मंडळाच्या प्रात्यक्षिकात तिला तो शिकवला कुणी? मीच. तिला तो चांगला व्हायला हवा होता, कारण बाप्तिस्म्यानंतर तिचे दीर-जाऊ पहिल्यांदाच तिच्या घरी येणार होते. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलेलं. "काहीतरी गोड पुढे ठेवते," ती म्हणाली, "तोंड गोड झालं तर बोलतील तरी."

संध्याकाळी मी केक आणायला गेले. ताई यायची होती. भट्टीच्या धगीने चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, आणि फळीवर दोनच भांडी उरली होती, मंडळाच्या कपाटातली, अगदी एकसारखी. एका भांड्यातला केक टम्म फुगलेला, सोनेरी, वर चारोळ्या. दुसरा मध्ये असा बसलेला, जणू कुणी त्यावर बसून उठलंय. त्याच्यावर बदाम होते. बदाम मी लावले होते. बेकिंग पावडर मात्र, शेजारणीला अंड्यांविषयी उपदेश करण्याच्या नादात, घालायची राहिली होती.

"टीचर, आपका कौनसा?" चाचांनी विचारलं.

मी चारोळीवाल्याकडे बोट केलं. वीस वर्षं मुलांना पाप म्हणजे काय ते समजावलं होतं. करायला एक बोट पुरलं.

तो केक आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी गेला. सगळ्यांनी वाहवा केली. चारोळ्या कशा काय, असं कुणीतरी विचारलं, तर मी म्हणाले, "आमच्या गावाकडे अशीच पद्धत आहे." बघा, गावालासुद्धा सोडलं नाही.

नाताळच्या उपासनेला ताई आली तेव्हा मी हळूच विचारलं, "झालं का नीट?"

"केक बसला गं," ती म्हणाली. "जाऊ हसली जरा. असू दे."

त्या 'असू दे'ने मला अन्न गोड लागेना.

पण कबूल करीन तर मी कसली! मी प्रायश्चित्त शोधून काढलं. शुक्रवारचा उपास सुरू केला. चहा सोडला, त्याची शिक्षा आमच्या ह्यांना झाली, कारण चहा नसला की माझी जीभ फार चालते. दर शनिवारी चर्चची लादी गुडघ्यावर बसून पुसू लागले. आणि दर महिन्याच्या प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे न जाता मान खाली घालून जागेवर बसू लागले, 'मी पात्र नाही' असा चेहरा करून. तो चेहरा मला इतका जमला की लोकांना वाटलं, टीचर आता फारच वरच्या पायरीला पोचल्या. मंडळीत माझी पवित्रता वाढत चालली आणि रात्री डोळ्यासमोर तो बसका केक. सात महिने. जितकं पुसावं तितकं वाटे, अजून थोडं पुसलं की फिटेल. फिटत काही नव्हतं. आपलं आता देवाशी कायमचंच बिनसलं, अशी भीती पोटात घर करून राहिली होती, आणि ती सांगणार कुणाला? सगळे तर मलाच सांगायला यायचे.

जुलैतला शनिवार. मी लादी पुसत होते. ताई फुलं घेऊन आत आली, फुलदाणीत लावली आणि माझ्याकडे बघत बाकावर बसली.

"टीचर, गुडघे दुखत नाहीत का?"

माझ्या हातातलं फडकं थांबलं. काय झालं कोण जाणे, तोंडातून एकदम निघून गेलं, "ताई, तो केक तुझा होता. मी मुद्दाम उचलला."

"माहितीये की."

"माहितीये?"

"अगं, चारोळ्या लावून दिल्या आणि बदाम लागून आला. भट्टीत चारोळीचा बदाम होतो का?"

सात महिने हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मीच हुशार ना!

"मग बोलली का नाहीस?"

"रडले ना त्या दिवशी. तुला शिव्यापण दिल्या, खोटं कशाला बोलू. मग देवाला म्हटलं, मला नाही जमत, तूच बघ हिचं. दोन-तीन दिवसांत मन निवळलं. राग गेला, हे सांगायला दोनदा आले होते इथे. पण तू असलं तोंड करून लादी घासत होतीस, मला वाटलं मध्ये बोलले तर मलाच पाप लागेल."

मी हसले की रडले, आठवत नाही. पण सवय जाते कुठे! लगेच म्हणाले, "मी भरून देईन. दर नाताळला तुझा केक मी करीन. तुझ्या जावेकडे येऊन सांगते. आणि माझी ती जांभळी साडी..."

"टीचर," ती पहिल्यांदाच कडक आवाजात बोलली, "माफी मागतेयस की विकत घेतेयस?"

मी परत फडकं पिळायला घेतलं.

"मी चर्चला आले तेव्हा मला बायबलचं एक वचन पाठ नव्हतं. काय केलं होतं मी देवासाठी? काही नाही. मला सगळं फुकट मिळालं. ते तुला विकत कुठून देऊ? ठेव ते फडकं."

फडकं ठेवणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं. हात रिकामे झाले की माणूस उघडा पडल्यासारखा होतो. ताईने माझे ओले हात आपल्या पदराला पुसले. एवढंच. तिने ना उपदेश केला, ना लांबलचक प्रार्थना.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. ताई माझ्या बाकापाशी थांबली, तशी मी उठले. वेदीपुढे गुडघे टेकले, पण ओंजळ पुढे होईना. ह्या हातांत आणलंय काय, हाच हिशेब. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा धरून थांबले. ताईने कोपराने ढोसलं, "घे गं. मागे लोक उभे आहेत."

मी घेतला. इतकी वर्षं तो तुकडा मला बक्षिसासारखा वाटायचा, शंभर टक्के हजेरीचा. त्या दिवशी मी तो भुकेल्या माणसासारखा खाल्ला आणि मग हुंदके देऊन अशी रडले की पेटीवाल्याचा सूर चुकला.

जागेवर येऊन मी पदराने तोंड पुसलं. मंडळी वळून वळून बघत होती.

"ताई, तोंड फार लाल झालंय का गं?"

तिने नीट निरखून पाहिलं. "झालंय," म्हणाली. "नुकती जन्मलेली पोरं लालच असतात."