लाल वायर आणि पन्नास माणसांच्या इडल्या

बिअर करायला मी शिकलो ते शेजारच्या आजोबांकडून. इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, आमच्या डाव्या हाताच्या घरात हे गृहस्थ राहायचे. सगळी नोकरी बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेली, आणि रिटायर झाल्यावर हात रिकामे. माझेही शनिवार-रविवार रिकामेच होते. बायकोने बेसमेंटचा एक कोपरा मला दिला, पण अट घालून: वास वर येता कामा नये, आणि माझ्या आईने पुण्याहून फोनवर "हल्ली हा फावल्या वेळात काय करतो?" असं विचारलं, तर उत्तर मी स्वतः द्यायचं. पहिली अट मी पाळली. दुसरीच्या वेळी मी वॉशरूममध्ये असायचो.

बिअरच्या यीस्टला साधारण वीस डिग्री लागतात आणि जानेवारीत आमचं बेसमेंट चौदावर यायचं. म्हणून मी एका बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट केलं, आत रंगाच्या रिकाम्या डब्यात शंभराचा बल्ब बसवला आणि बाहेर कंट्रोलर लावला. कंट्रोलर म्हणजे मुठीत मावेल एवढा डबा. सेन्सरने थंडी आहे असं सांगितलं की तो बल्ब लावतो, ऊब पुरेशी झाली की बंद करतो. त्या सेन्सरच्या दोन्ही वायरी काळ्या होत्या, कुठलीही कुठेही लावा. पहिल्या झटक्यात चाललं. माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, पोट मात्र सॉफ्टवेअरवर, त्यामुळे हाताने केलेली एखादी वस्तू चालली की मी आठवडाभर घरात जरा छाती काढूनच फिरतो.

तेवढ्यात संक्रांत आली. म्हणजे मंडळाची, शाळेच्या जिममध्ये, सोयीच्या शनिवारी. आदल्या वर्षी बायकोने इडल्या नेल्या होत्या. थंडीने पीठ फुगलंच नव्हतं आणि इडल्यांच्या चकत्या झाल्या होत्या. एक वहिनी फक्त "चटणी फार छान झालीय" म्हणाल्या. आणि या वर्षी कामांची यादी ईमेलवर आली, तेव्हा आमच्या नावापुढे होतं: पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्स.

बायकोने सगळ्यांना उत्तर पाठवलं की इडल्या आमच्याकडून, पन्नास माणसांच्या. मला नंतर सांगितलं, भांडी विसळता विसळता.

"या वेळी पीठ बसलं, तर मी पुढच्या वर्षीपासून संक्रांतीला येणार नाही. तुम्ही जा प्लेटा घेऊन."

मी म्हटलं, पीठ आंबवणं आणि बिअर आंबवणं यात फरक तो काय, दहा डिग्रींचा. बिअर कपाटात होतीच, म्हणून कॅम्पिंगचा मोठा कूलर घेतला, त्यात दुसरा बल्ब, बाहेर दुसरा कंट्रोलर. सेन्सर आजोबांनी त्यांच्या जुन्या सामानातून दिला, भट्टीतला, टोकाला जोडलेल्या दोन बारीक तारा. एक पिवळी, एक लाल. लावून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. लाल म्हणजे प्लस, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. इथे घरच्या वायरिंगमध्ये काळी वायर जिवंत असते हे मी एकदा झटका खाऊन शिकलो होतो, त्यामुळे आता या देशाने मला शिकवावं असं काही उरलं नव्हतं. लाल प्लसला लावली. आकडा आला पंधरा, भिंतीवरचं थर्मामीटरही पंधरा. बायकोला बोलावून दोन्ही आकडे दाखवले.

शुक्रवारी सकाळी पिठाचे दोन मोठे डबे कूलरमध्ये ठेवले, तीस डिग्री लावली आणि मी ऑफिसला गेलो.

साडेचारला परत आलो तर बायको बेसमेंटमध्ये कूलरचं झाकण धरून उभी होती. बल्ब चालू. कंट्रोलरवर आकडा उणे पन्नास. डबे हात लावू देत नव्हते. पीठ कडेने शिजलं होतं, मध्ये पिठल्यासारखं झालं होतं. एकूण दोनच इडल्या झाल्या होत्या, डब्याच्या आकाराच्या.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली आणि पुन्हा उडीद-तांदूळ भिजत घातले. वरूनच म्हणाली, "यंत्र दुरुस्त होणार असेल तर रात्री वाटते. नाहीतर आत्ताच सांगा, म्हणजे प्लेटा आणायला जाता येईल."

मी कंट्रोलर सेन्सरसकट उचलून आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, माझी जोडणी पाहिली आणि मला एवढंच विचारलं, की हा सेन्सर लावल्यावर तू मुठीत धरून बघितलास का?

नव्हता बघितला. त्यांनी माझ्या मुठीत दिला. हात गरम, आकडा खाली खाली जायला लागला. इकडे या जातीच्या सेन्सरमध्ये लाल तार मायनस असते, भट्टीवाल्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतात, असं ते म्हणाले. उलटी लावली की गरम होईल तसा तो थंडी सांगतो, आणि बिचारा कंट्रोलर आणखी तापवत बसतो. तो मोजतो फक्त सेन्सर आणि कंट्रोलर यांच्या तापमानातला फरक, म्हणून दोन्ही सारखेच थंड असले की मात्र उलट्या जोडणीतही आकडा बरोबरच येतो. म्हणजे बायकोला बोलावून मी जे दाखवलं होतं, त्याने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

तारा बदलायला दोन मिनिटं लागली. घरी येऊन मी बायकोला लाल-पिवळ्याचं सगळं समजावायला लागलो, तिने मध्येच हात पुढे केला. "ते मुठीचं काय म्हणालात? द्या इकडे." सेन्सर मुठीत धरला. आकडा चढला, सतरा, एकवीस, सव्वीस. मग तिने मिक्सर काढला.

शनिवारी सकाळी पीठ डब्याच्या काठाला आलं होतं. इडल्या झाल्या आणि जिममध्ये सांबाराआधी संपल्या. त्याच वहिनींनी रहस्य विचारलं. माझा भट्ट्यांवरचा खुलासा तयार होता, पण बायको म्हणाली, "काही नाही हो, पीठ जरा उबेत ठेवायचं."

पुढच्या यादीत आमच्या नावापुढे इडल्या आल्या आणि तो कूलर तिचा झाला. त्यानंतर दर वेळी पीठ ठेवायच्या आधी ती सेन्सर मुठीत धरायची आणि आकडा चढेपर्यंत उभी राहायची. वायरिंग मी केलेलं, तेव्हा मी शेजारीच असायचो. ती आकड्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे बघायची, आणि झाकण लावायची.