आधी कागद

ती दारात आली की आधी हात पुढे करायची. तळवा वर, बोटं जुळलेली. "कागद?"

बसा म्हणा, पाणी देऊ का विचारा, हात तसाच. आमच्या मावळात सुईण आली की आधी पोटाला हात लावते, मग पान मागते. हिचं सगळं उलटं. जिचं आधीचं बाळंतपण इस्पितळात झालंय, तिच्या पोटाकडे ही बघायचीसुद्धा नाही. आधी इस्पितळाचा कागद. आणि गंमत सांगू का, तिला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. कागद हातात आला की उलटसुलट करायची, शिक्का आहे का बघायची आणि ज्याला वाचता येतं त्याला धरून दोनदा वाचून घ्यायची. दोन्ही वेळा तेच आलं तर खरं.

मळवली स्टेशनापलीकडे मुसलमानांची चार घरं होती, त्यातलं एक हिचं. नवरा बांगड्या विकायचा, तो लवकर गेला. मग ही पुण्याला बायकांच्या इस्पितळात बारा वर्षं आया होती. तिथून परतली आणि बाळंतपणं करायला लागली. भाजे गावापासून कार्ल्यापर्यंत सगळे तिला तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठीमागे 'कागदवाली'. काहीजण 'भित्री सुईण'ही म्हणायचे. त्यांना काय जातंय बोलायला!

माझी तिची गाठ लढाईच्या दिवसांत पडली. नवरा लोणावळ्याला इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, सासर भाज्याला. पहिल्या वेळी माझं मूल पोटात आडवं होतं. दोन दिवस घरातच कळा दिल्या, मग बैलगाडीनं मळवली आणि तिथून आगगाडीनं पुणं. इस्पितळात पोट फाडून मूल काढलं. मुलगा होता. नवव्या दिवशी गेला.

मी घरी आले त्याच दिवशी सासूबाईंनी त्याचं सगळं इंद्रायणीत सोडलं. टोपडं, दुपटं, मनगटाचा काळा दोरा. गेलेल्या बाळाची वस्तू घरात राहिली तर पुढच्यावर सावट येतं, अशी आमच्याकडे समजूत. त्याच गाठोड्यात माझा इस्पितळाचा कागदही गेला. तोही बाळासंगं त्या इस्पितळातनंच आलेला, म्हणून. त्या गाठोडं बांधत होत्या तेव्हा मी खाटेवर पडल्या पडल्या बघत होते. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी ठरवून टाकलं, "आता इस्पितळ न्हाई. त्यांनी पोरगं खाल्लं. आता हितं, माझ्या डोळ्याम्होरं." मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई म्हणती तसं करू." जसं काही कळा त्यालाच येणार होत्या!

सहाव्या महिन्यात मावशीला बोलावणं गेलं. आली, दारात उभी राहिली, हात पुढे. "कागद?"

"नदीत सोडला," सासूबाई म्हणाल्या.

"काय सोडलं?"

"कागद. पोराच्या कापडासंगं."

मावशी कडाडली, "नदीला वाचता येतं व्हय गं?"

सासूबाईंशी असं बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मावशी तरातरा कोपऱ्यातल्या भाताच्या पोत्यापाशी गेली. पोत्याच्या मधोमध हात फिरवून म्हणाली, "हितं उभं उसवून पुन्यांदा शिवलं, आन् पोतं गच्च भरलं, तर कुटं फाटंल?"

"तितंच," मी म्हटलं.

"आन् खाली बुडाशी, आडवं, बारीक शिवलं आसंल तर? टिकंल. न्हाई टिकलं तर न्हाई, पर आशा हाय." मग माझ्याकडे वळली. "वरची शिवण मला दिसती, पोरी. आतल्या पिशवीला काप कसा दिलाय, ते पोट सांगत न्हाई, कागदच सांगतो. उभा काप आसला आन् हितं घरात कळा सुरू झाल्या, तर आतल्या आत फाटंल. आई बी जाईल, ल्येकरू बी जाईल. पुण्याची गाडी धरायला येळ न्हाई घावायचा."

"तू भितीस. मी दुसरी सुईण बघती," सासूबाई म्हणाल्या.

"बघ की. पर हिच्या तेराव्याला मला बोलवू नगं."

नवरा जमिनीकडे बघत बसला. मग मीच बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंसमोर तोंड वर करून बोलले. "आत्याबाई, मला मरायचं न्हाई. मी मावशीसंगं पुण्याला जाती."

पुण्याला आम्ही तीनदा गेलो. गाड्या शिपायांनी भरलेल्या, मी पोटुशी, उभ्यानं प्रवास. इस्पितळातला कारकून पहिल्यांदा म्हणाला, "दोन वर्षांमागचं कोण शोधणार? नंतर या." दुसऱ्यांदाही तेच. मान वर करून माझ्या पोटाकडे बघण्याचे कष्टसुद्धा त्यानं घेतले नाहीत. तो लेकाचा आजही समोर आला तर मी त्याला सोडणार नाही. तिसऱ्यांदा मावशीनं त्याच्या टेबलापुढेच फतकल मारली आणि भाकरीचं फडकं सोडलं. "खा गं पोरी. आज हितंच जेवायचं, हितंच निजायचं. आन् कळा आल्या तर ह्यांचं टेबल हायेच."

मग कारकूनसाहेब उठले. अर्ध्या तासात नोंद सापडली. जिच्यासाठी दोन खेपा फुकट गेल्या ती नोंद अर्ध्या तासात!

डॉक्टरीणबाईंनी नोंद वाचली, मला तपासलं आणि नीट समजावलं. आतला काप खालचा आहे, आडवा आहे. या वेळी मूल सरळ आहे. तेव्हा पोट न फाडता बाळंतपण होऊ शकेल, पण ते इस्पितळातच व्हायला हवं, कारण मध्येच बिघडलं तर लगेच पोट उघडावं लागेल. शेवटचे पंधरा दिवस इस्पितळाजवळ येऊन राहा. एवढं सगळं त्यांनी नव्या कागदावर लिहून दिलं.

मावशीची खात्री कुठे पटते! मळवलीला उतरल्यावर तिनं तिकीटबाबूला धरलं. इंग्रजी कागद मराठीत सांगता सांगता त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले. "लाजतोस काय रं? तू काय झाडाला लागलावतास? पुन्यांदा वाच."

आता पंधरा दिवस राहायचं कुठे? पुण्यात आमचं कुणी नाही. मावशीची बहीण इस्पितळामागच्या गल्लीत राहायची. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, "मुसलमानाच्या घरात माझी सून?" मावशीनं शांतपणे सांगितलं, "खोली येगळी, चूल येगळी, घागर नवी. संगं हिची आई ऱ्हाईल, तीच पाणी भरंल, तीच रांधंल. मग बाटती कुटं?" आम्ही गेलो तेव्हा चूल सारवून तयार होती, तिच्यावर रांगोळीची दोन बोटंसुद्धा ओढलेली. ती कुणी ओढली हे मी विचारलं नाही. आईचे डोळे मात्र भरून आले.

रोज सकाळी मावशी मला त्या खोलीपासून इस्पितळाच्या दारापर्यंत चालवायची. "कळा आल्यावं वाट इचारत बसायचं न्हाई." दारात काय बोलायचं तेही तिनं पाठ करून घेतलं होतं. पहिल्या वेळी पोट फाडलंय. काप खालचा, आडवा. कागद हा घ्या. मी अडखळले की पुन्हा म्हणायला लावायची. आणि एक गोष्ट बजावायची, "दोन कळांच्या मधी जर शिवणीवं दुखलं, तर वराडून सांग. सोसत बसू नगं. सोसणारणीला हितं कुणी बक्षीस देत न्हाई."

एकदा मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच करा की माझं बाळंतपण."

"मी हात लावनार न्हाई. फाटलं तर माझ्या हातात काय हाय? तुला दारापत्तोर नेनं, येवढंच माझं काम."

भित्री म्हणायचे ना तिला? बाळंतपणं करणाऱ्या बाईनं 'हे माझ्या हातचं नाही' असं म्हणायला किती धीर लागतो, ते तुम्हीच बघा.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही चालत गेलो. दारात मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, नर्स बघतच राहिली. दुपारी मुलगी झाली, आपली आपण. सुरी ताटात तशीच राहिली. मावशी व्हरांड्यात बसली होती. आईनं बातमी सांगितली तशी पदरात तोंड घालून रडली, आणि लगेच उठून तिथल्या आयेला खाट नीट पुसली नाही म्हणून झापलं.

दोन वर्षांनी मावशी तापानं गेली. मी लोणावळ्याला होते, मला कळलंच नाही. महिन्याभरानं मळवलीला गेले तर दाराला कुलूप, शेजारणीनं सांगितलं. तेव्हा तिच्यासाठी नेलेलं लुगडं तसंच परत आणलं. पण मला राहून राहून आठवतं ते बारसं, आणि ते सांगायचं मी मघापासून टाळतेय.

आमच्याकडे बारशाला नाळ कापणाऱ्या सुईणीचा मान असतो. तिला पाटावर बसवतात, लुगडं-चोळी, नारळ देतात. सासूबाई म्हणाल्या, "नाळ पुण्याच्या नर्सनं कापली. हिनं हात तरी लावला का? हिचा कसला मान!" मावशीला बोलावणंच गेलं नाही.

ती आपली आपणच आली. बायका पाळण्याभोवती जमलेल्या, घुगऱ्या वाटणं चाललेलं. मावशी अंगणात उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळलेली.

"बघा, मान मागाया आली!" सासूबाई म्हणाल्या. बायका हसल्या.

तो हात काय मागतोय ते सासूबाईंना ठाऊक होतं, मलाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. 'मला मरायचं न्हाई' म्हणताना माझी जीभ चालली होती, त्या दिवशी टाळ्याला चिकटली.

मावशीनं सासूबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. बायकांच्या डोक्यांवरून मला म्हणाली, "पोरी, ह्या येळचा कागद दिला का त्यांनी?"

मी आत जाऊन पत्र्याच्या डब्यातनं कागद आणला. तिनं शिक्का बघितला, कागद उलटसुलट केला आणि माझ्या हातात परत दिला. "पुढच्या येळेला लागंल. नदीत जाऊ देऊ नगं."

आणि गेली. तिला कुणी बस म्हटलं नाही, मूठभर घुगऱ्या दिल्या नाहीत. मीही नाही. सुईणीसाठी आणलेलं लुगडं वाया कशाला घालवायचं म्हणून सासूबाईंनी ते सकाळीच मला नेसवलं होतं. ते नेसून मी पाळण्यापाशी उभी होते.