भांडखोर आत्या आणि तिसरी गोळी

देवासमध्ये आमच्या आत्याइतकं सुरेख भांडणारं माणूस आजवर झालेलं नाही. गल्लीतले लोक तिला भांडणासाठी मागून नेत, लग्नाला मोठं पातेलं मागून न्यावं तसं. कुणाचं विजेचं बिल जास्त आलं, कुणाला रेशनचे गहू कमी मिळाले, की शिलाई मशीनवरचा ब्लाऊज अर्धा सोडून ती निघालीच. तिची एक पद्धत होती. सुरुवात मराठीत, म्हणजे समोरच्याला काही कळू नये पण धसका बसावा. मग हिंदी, आणि शेवटचा घाव माळवीत. वीज कार्यालयातला बाबू एकदा म्हणाला, "काकीजी, बैठ के बात करो ना." आत्या म्हणाली, "बैठ के मैं सिर्फ खाना खाती हूँ, भिया." बिल दुरुस्त झालं, शिवाय चहा आला.

या आत्याला लग्नाआधीपासून फिट येतात. घरात त्यावर कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा इलाज चाले. शुद्धीवर आली की ती आधी विचारी, चप्पल कुणाची होती? मग त्या माणसाची धडगत नसे. पुढे मी धारच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. तेव्हापासून तिला इंदूरच्या डॉक्टरकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या गोळीनं तिच्या हिरड्या सुजल्या आणि ती दुपारी मशीनवरच डुलू लागली. एका ब्लाऊजची उजवी बाही डावीकडे लागली, तर "आता असंच चालतं" म्हणून तिनं तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला. दुसऱ्या गोळीच्या वेळी डॉक्टर आतोबांना म्हणाले, "या औषधानं काही जणांचा स्वभाव चिडका होतो, लक्ष ठेवा." पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "मग, चिडचिड वाढली का?" आतोबांनी एकदा आत्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, वाढायला जागा कुठे होती?" बाहेर आल्यावर त्यांचं काय झालं ते इथे लिहीत नाही. त्या गोळीनं फिट कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत.

आणि थांबायला हव्या होत्या, कारण घरात नात आली होती. सून भली, पण बाळ आत्याजवळ एकटं सोडत नसे. आत्यानं मांडीवर घेतलं की कुणीतरी शेजारी हात पुढे करून बसे. या एका गोष्टीवर आत्या कधी भांडली नाही. गॅसवर कढई असताना तिला फिट आलेली सगळ्यांनी पाहिली होती. शेवटी तिनंच डॉक्टरला सांगितलं, "पूर्ण बंद होतील असं काहीतरी द्या."

ती तिसरी गोळी. फिट खरंच बंद झाल्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, बाटलीतला सोडा पाण्यासारखा लागू लागला, त्यावरून दुकानदाराशी एक भांडणही झालं. पण ते तिचं शेवटचं धड भांडण. त्यानंतर ऐन रंगात शब्दच सापडेना. भाजीवाल्यापुढे टोमॅटो नाचवत ती म्हणाली, "तू तो पक्का... पक्का..." आणि थांबली. तो बिचारा वाट बघून म्हणाला, "चोट्टा केना चा रिये हो क्या, काकीजी?" आत्या टोमॅटो ठेवून घरी आली.

"तू शिकलेला ना," तिनं मला विचारलं, "ही गोळी डोक्यात करते काय?"

मी सांगितलं, फिट म्हणजे मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम ओरडू लागतात. गोळी त्यांना हळू बोला म्हणते. पण फिटची पेशी कोणती आणि बोलण्याची कोणती, हे ती निवडत बसत नाही.

"म्हणजे माझी फिट आणि माझी जीभ एकाच तारेवर?"

"साधारण तसंच."

"वायरमन कच्चा आहे," ती म्हणाली. "उद्यापासून बंद करते."

एकदम बंद केली तर मोठी फिट येते, हे समजावून मी तिला पुन्हा इंदूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी करून दुसऱ्या गोळीवर परत जाता येईल. शब्द येतील, फिटही येतील. काय ते तुम्ही ठरवा. परतीच्या बसमध्ये आत्या कंडक्टरशीसुद्धा भांडली नाही. घरी येऊन तिनं सुनेच्या हातातून बाळ घेतलं. "तू बाजारात जाऊन ये," म्हणाली, "ही राहील माझ्याजवळ." सून क्षणभर उभी राहिली, मग पिशवी घेऊन गेली. तिसरी गोळी चालू राहिली.

गल्लीवाले आता आपापली भांडणं आपणच करतात, आणि वाईट करतात. मी मागच्या महिन्यात गेलो तर घरी दोघीच होत्या. नात फळीवरचं काहीतरी मागत होती, पण बोलायला अजून शिकायची आहे, म्हणून नुसती बोट दाखवून किंचाळत होती. आत्या ते द्यायला तयार नव्हती, पण का नाही ते सांगायला तिलाही शब्द सापडत नव्हते. तीही कमरेवर हात ठेवून नुसती मान हलवत होती. बराच वेळ असं चाललं. मग आत्यानं हात वर करून फळीवरची ती कात्री आणखी उंच ठेवली, आणि पोरीला कडेवर घेऊन, हरल्यासारखा चेहरा करून, तिच्या चापट्या खात राहिली.